बाकावरून दिसलेली खुर्ची

ताई,

माझं वय २१. पोलिसात जायचं हे मी चौदाव्या वर्षीच ठरवलं होतं. आता लेखी आणि मैदानी पार पडली आहे, मुलाखत तेवढी राहिली आहे. अडचण अशी आहे की 'पोलीसच का?' या प्रश्नाचं माझ्याकडे जे खरं उत्तर आहे, ते सांगायची मला लाज वाटते.

आमच्या घरी चोरी झाली होती. बाबांबरोबर मीही तक्रार द्यायला गेले. दोन तास आम्ही बाकावर बसलो. टेबलामागच्या माणसाने एकदाही मान वर करून आमच्याकडे पाहिलं नाही. घरात ज्यांचा आवाज सगळ्यांत मोठा, ते माझे बाबा तिथे इतक्या हळू आवाजात 'साहेब, जरा…' म्हणाले, की हे आपलेच बाबा का, असं मला वाटलं. शेवटी 'उद्या या' एवढं ऐकून आम्ही परत आलो. त्याच दिवशी मी ठरवलं, एक दिवस त्या खुर्चीवर मी बसणार.

मैत्रीण म्हणते, ही प्रेरणाबिरणा काही नाही, हा सूड आहे. मला भीती वाटते ती आणखी वेगळ्याच गोष्टीची. मला अजूनही एक स्वप्न पडतं. मी वर्दीत त्या खुर्चीवर बसलेली असते आणि तो माणूस माझ्यासमोर उभा असतो. मी मान वर करत नाही. आणि मला बरं वाटतं.

असल्या मुलीने पोलिसात जावं का? मुलाखतीत काय सांगू? 'समाजसेवा' म्हणून मोकळी होऊ का? बाबांशी या विषयावर मी कधीच बोललेले नाही.

— खुर्चीचं स्वप्न पडणारी

* * *

मुलाखतीचं आपण शेवटी पाहू, ते त्यामानाने सोपं आहे. अवघड आहे ते स्वप्न. त्यातलं 'मला बरं वाटतं' हे तू न लपवता लिहिलंस, म्हणून मीही तुला मोकळेपणाने लिहिते आहे.

वर्दीत मी एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं नव्याने भरती झालेल्या मुलामुलींना शिकवण्यात गेली. पहिल्या दिवशी प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारायचे: का आलास, का आलीस? बहुतेक जण सांगायचे, समाजाची सेवा करायला. ती मुलं खोटं बोलत नसत. पण त्या उत्तरात समोर कोणी माणूसच दिसत नसे. कोणता समाज, कोणाची सेवा, त्याला नेमकं काय हवं होतं, काहीच नाही. तुझ्या पत्रात तीन माणसं आहेत, एक बाक आहे, दोन तास आहेत. कारण म्हणून हे कितीतरी भक्कम आहे. फक्त ते अजून कच्चं आहे.

आणि या पेशात यायला मन अगदी स्वच्छ, निर्मळ हेतूने भरलेलं असावं लागतं, हा समज आधी काढून टाक. मी आले ती पगारासाठी. वडील गेले होते, पाठची दोन भावंडं शिकत होती, आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे देणारी नोकरी मला हवी होती. बस, एवढंच. मी काही जगावेगळी नव्हते. न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रातल्या २७८ उमेदवारांना अँथनी रॅगनेला आणि मायकेल व्हाइट या अभ्यासकांनी हेच विचारलं होतं. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळ्यांत वरची कारणं निघाली ती लोकांना मदत करण्याची संधी, नोकरीची शाश्वती आणि नोकरीसोबत येणाऱ्या सवलती. मुलगे असोत की मुली, गोरे असोत की काळे, उत्तरं फारशी वेगळी नव्हती. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या तुकडीने सहा वर्षं रस्त्यावर काढल्यानंतर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे पुन्हा विचारणा केली. कारणं जवळपास तीच होती. पण नोकरीत जे नाराज होते, त्यांच्यात असे जास्त होते की ज्या कारणासाठी ते आले होते ते त्यांच्या पदरात पडलं नव्हतं.

म्हणजे आत येताना तुझं कारण चांगलं की वाईट, यावर मी फार वेळ घालवणार नाही. मी एवढंच विचारेन, की तुला जे हवं आहे ते या कामात मिळतं का?

तुला खुर्ची हवी आहे. खुर्ची मिळेल. पण त्या खुर्चीवर बसून तुला जे वाटेल असं तू धरून चालली आहेस, ते मिळणार नाही. तो माणूस तुझ्यासमोर कधीच येणार नाही. तुझ्यासमोर येतील ते तुझे बाबा. रोज येतील. कधी म्हातारे, कधी तरुण, कधी बाईच्या रूपात, कधी तोंडाला दारूचा वास मारत, कधी मोठमोठ्याने भांडत, आणि एखादवेळी खोटी तक्रार घेऊनसुद्धा. त्या दिवशी तू दोन गोष्टी पाहिल्यास, एक खाली गेलेला आवाज आणि दुसरी वर न झालेली मान. सात वर्षं तू मानेकडे बघत राहिली आहेस. मला वाटतं, तुझं खरं कारण त्या आवाजात आहे.

याला केवळ भावनेची गोष्ट समजू नकोस. टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञाने शिकागोतल्या १,५७५ रहिवाशांच्या मुलाखतींवरून, लोक कायदा का पाळतात याचा अभ्यास केला. १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांना वाटत होतं की लोक शिक्षेला भिऊन कायदा पाळतात, किंवा निकाल आपल्या बाजूने लागला की खूश होतात. निघालं असं की आपल्याशी न्यायाने वागलं गेलं का, आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, आपला मान राखला का, याचं वजन लोकांच्या मनात फार मोठं असतं. ज्यांना ते मिळालं, त्यांचा कायद्यावरचा विश्वास हवा तसा निकाल लागला नाही तरी टिकून राहतो. आता तुमची चोरीची तक्रार आठव. चोर सापडला की नाही हे तू मला लिहिलंही नाहीस! सात वर्षांनंतर तुझ्या लक्षात राहिली ती चोरी नाही, तर बाक राहिला.

म्हणून 'उद्या या' म्हणणारा तो माणूस फक्त आळशी नव्हता. तो त्या दिवशी पोलिसांचं काम बिघडवत होता. कारण असे दोन तास काढलेला माणूस उद्या साक्ष द्यायला पुढे येत नाही, शेजारच्या घरातून किंचाळी ऐकू आली तरी फोन करत नाही. मग चोरही सापडत नाही.

लंडनमध्ये १८२९ साली रॉबर्ट पील यांनी नवं पोलीस दल उभं केलं. त्या दलाच्या पहिल्या सूचनांमध्ये शिपायासाठी जो गुण सगळ्यांत गरजेचा म्हणून लिहिला होता, तो होता रागावर पूर्ण ताबा. कोणी कितीही शिव्या दिल्या, धमक्या दिल्या, तरी यत्किंचितही चळू नये. सगळ्या थरांतल्या लोकांशी सौजन्याने वागावं, असंही त्यात होतं. हे लिहिणाऱ्या दोन आयुक्तांपैकी एक, चार्ल्स रोवन, लष्करात लढून आलेला होता. दुसरा, रिचर्ड मेन, वकील. लढाई पाहिलेल्या माणसाला शिपायाच्या दंडातलं बळ नाही, तर त्याचा शांत स्वभाव सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, याचा मी खूप वेळा विचार केला आहे.

आता माझं कारण मला कुठे सापडलं ते सांगते.

दुसरं वर्ष होतं. रात्रीचे अडीच वाजले असतील. अपघातात एक तरुण मुलगा जागच्या जागी गेला होता आणि घरी सांगायला जायचं होतं. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे असलेले एक सहकारी म्हणाले, "चल माझ्याबरोबर. बोलेन मी. तू फक्त टोपी काढून उभी राहा." वाटेत त्यांनी मला शिकवलं. अशी बातमी फोनवर द्यायची नाही. एकट्याने जायचं नाही. दारात उभं राहून बोलायचं नाही. आधी नावाची खात्री करायची, मग आत जायचं, त्यांना बसवायचं. आणि बोलताना आडून आडून बोलायचं नाही. 'गंभीर आहे', 'दवाखान्यात चला' असलं काही नाही, कारण त्या माणसाच्या मनात दहा मिनिटांसाठी खोटी आशा पेरायचा आपल्याला हक्क नाही. 'वारला' हाच शब्द वापरायचा.

आईने दार उघडलं. आम्ही आत गेलो, तिला बसवलं, त्यांनी सांगितलं. ती रडली नाही. बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली. मग वर पाहून विचारलं, "तो जेवला होता का?"

माझ्या घशात आवंढा आला. ते म्हणाले, "माहीत नाही. उद्या विचारून सांगतो."

मला वाटलं, वेळ निभावून नेण्यासाठी म्हणाले असतील. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ते त्या मुलाच्या मित्रांकडे गेले. कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या कागदावर त्याची नोंद होणार नव्हती. चौकशी केली आणि पुन्हा त्या घरी गेले. मीही बरोबर होते. ते दारातच म्हणाले, "जेवला होता. साडेनऊला, मित्रांबरोबर." ती बाई तेव्हा रडली.

त्या दिवसानंतर मी पगारासाठी नोकरी करत होते, हे काही बदललं नाही. पण पगाराखेरीज दुसरंही काही होतं, आणि ते काय होतं ते मला दिसलं होतं. एगॉन बिटनर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने पोलिसांच्या कामाची एक ओळख करून दिली आहे. जे घडायला नको ते घडतंय आणि कोणीतरी आत्ताच्या आत्ता काहीतरी करायला हवं, अशी वेळ आली की लोक ज्यांना बोलावतात ते पोलीस. गुन्हेगारामागे धावणं त्यातला छोटा भाग आहे. बाकी सगळं, म्हणजे नवराबायकोची भांडणं, हरवलेली म्हातारी माणसं, भरकटलेल्या मनाचा एखादा गच्चीच्या कठड्यावर उभा असलेला मुलगा, रात्री दोनला कर्कश वाजणारा स्पीकर, आणि असं दार उघडणारी आई. यातलं बहुतेक काम तोंडाने आणि कानाने होतं.

पण इथपर्यंत वाचून, चांगला पोलीस म्हणजे निव्वळ मायाळू माणूस असं तुला वाटायला लागलं असेल, तर थांब. तसं नाही. विल्यम म्यूर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात एका अमेरिकी शहरातल्या २८ तरुण पोलिसांचा जवळून अभ्यास केला. चांगल्या पोलिसाला दोन गोष्टी लागतात, असं त्याचं म्हणणं. एक, माणसांचं दुःख समजण्याची नजर. अगदी चुकलेल्या माणसाचंसुद्धा, आणि त्याला स्वतःहून फार वेगळं न मानता. दुसरी, गरज पडेल तेव्हा बळ वापरण्याची मनाची तयारी, स्वतःच्या नजरेत न पडता. पहिली आहे पण दुसरी नाही, असा पोलीस समजूत घालत बसतो आणि जिथे ठाम उभं राहायचं तिथे कच खातो. दुसरी आहे पण पहिली नाही, तो लोकांवर तुटून पडतो. दोन्ही नसतील तर तो अंग चोरतो, वेळेला हजर नसतो.

तुझ्याकडे दुसरी गोष्ट आहे. अन्यायाची तुला चीड येते, तू मागे हटणारी नाहीस, आणि हे गुण कोणाला शिकवता येत नाहीत. पहिली गोष्ट तुझ्याकडे अर्धी आहे. बाबांचं दुःख तुला दिसलं. टेबलामागच्या माणसाचं दिसलं नाही. चौदाव्या वर्षी ते दिसावं अशी अपेक्षाही नाही, पण आता ते बघायला शीक, कारण तिथेच तुझा खरा धोका आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी मी स्वतः ती मान झाले होते. सलग बंदोबस्त, वरून रात्रपाळ्या, झोप नाही, घरी आई आजारी. एका दुपारी एक माणूस आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, पावसाने भिजलेली, आत कागद एकमेकांना चिकटलेले. तो काहीतरी सांगत होता. मी लिहीत होते. खरं तर काहीच लिहीत नव्हते, त्याच ओळीवरून पुन्हा पेन फिरवत होते, कारण मान वर केली तर त्याचं ऐकावं लागलं असतं. तो किती वेळ उभा होता ते मला आठवत नाही. मला आठवतं ते पिशवीतून टेबलाच्या कडेवर ठिबकणारं पाणी. नंतर पाहिलं तर तो निघून गेला होता. पुन्हा आला नाही. त्याचं काय काम होतं, हे मला कधीच कळणार नाही.

आर्थर नीडरहॉफर हा न्यूयॉर्क पोलिसात एकवीस वर्षं काढून नंतर समाजशास्त्राकडे वळलेला माणूस. त्याने २२० पोलिसांना प्रश्न विचारून पाहिलं आणि १९६७ मध्ये जे मांडलं, ते मी वाचलं तेव्हा मला माझा चेहरा दिसला. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मनात फारसा कडवटपणा नसतो आणि पुढच्या थोड्याच वर्षांत तो झपाट्याने वाढतो. सगळे खोटं बोलतात, काही केलं तरी काही बदलत नाही, वरचे लोक आपले नाहीत. असं हळूहळू वाटत जातं आणि वाटतंय हे कळतही नाही. शरीर थकलेलं असलं की त्याला आणखी जोर येतो. रात्रपाळी ही काही साधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. या नोकरीत शिरताना हे माहीत असू दे.

त्या माणसाची बाजू घ्यायला मी हे सांगत नाही. थकवा हे कारण असेल, सबब नाही. त्याने तुझ्या बाबांना दोन तास बसवून ठेवलं, हे चूकच होतं. पण तो जन्मतः तसा नव्हता. एखाद्या वर्षी, एखाद्या दुपारी तो तसा झाला. तूही होऊ शकतेस. 'मी तशी कधीच होणार नाही' असं म्हणणारे सगळ्यांत आधी होतात, कारण त्यांना स्वतःवर लक्ष ठेवायची गरजच वाटत नाही. तू स्वतःच्या स्वप्नाला घाबरलीस. मला त्यात आशा दिसते.

त्या स्वप्नाचं काय करायचं? ते पडतं याची लाज बाळगू नकोस. अपमान झालेल्या मुलीला तो परत फेडावासा वाटणारच. पण स्वप्नात नाही, जागेपणी एकदा शांत बसून ते चित्र डोळ्यांसमोर आण आणि पुढे ने. तो माणूस उभा आहे, तू मान वर करत नाहीस. ठीक आहे. पाच मिनिटं गेली. दहा गेली. आता त्याने काय करावं असं तुला वाटतं? त्याने गयावया करावी, असं वाटत असेल तर मला तसं कळव. आणि मी तुला सरळ सांगेन, या वर्षी अर्ज मागे घे, थोडं थांब, कोणाशी तरी बोल, एखाद्या समुपदेशकाशी बोललीस तर उत्तमच. कारण वर्दीबरोबर माणसाला अडवायचा, झडती घ्यायचा, कोंडायचा अधिकार हातात येतो. हा अधिकार मनातल्या जखमेच्या हाती गेला की काय होतं ते मी पाहिलं आहे आणि त्याचा शेवट दोन्ही बाजूंना वाईट झाला आहे. पण दहा मिनिटांनी तुला कंटाळा आला, त्याने निघून जावं आणि पुढचा माणूस यावा असं वाटलं, तर तू सूड मागत नाहीस. ते पान तुला उलटायचं आहे, इतकंच.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर १९७९ रोजी कायदा राबवणाऱ्यांसाठी एक आचारसंहिता स्वीकारली. अवघी आठ कलमं आहेत, मुलाखतीआधी जरूर वाच. काम करताना माणसाची प्रतिष्ठा जपायची आणि तिचं रक्षण करायचं, असं दुसरं कलम सांगतं. बळ वापरायचं ते अगदीच अटळ असेल तेव्हा आणि कामापुरतंच, हे तिसरं. छळ कोणत्याही परिस्थितीत नाही, वरिष्ठांच्या हुकमाची सबबही चालणार नाही, हे पाचवं. या पाचव्या कलमापाशी थोडी थांब. एखाद्या रात्री तुझ्या वरिष्ठाने चुकीचं सांगितलं तर 'नाही' म्हणायची ताकद तुझ्यात कुठून येणार आहे, याचा आत्ताच विचार कर. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. माझ्या मते त्या वेळी तुझा बाकच तुझ्या कामी येईल.

मुलाखतीला अजून अवधी असेल तर दोन कामं कर. न्यायालयात एखाद्या उघड्या सुनावणीला जाऊन बस आणि पोलिसाची उलटतपासणी होताना ऐक. वकील त्याला विचारत असतो, किती वाजता, कोणत्या हाताने, उजेड कुठून येत होता, हे लिहिलं का नाही. तो पोलीस घाम पुसत असतो. आपण लिहिलेला एकेक शब्द नंतर कोणाच्या आयुष्यावर किती भार टाकतो, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. दुसरं, रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा संकटात सापडलेल्यांसाठी चालणाऱ्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून काही दिवस काम करता आलं तर बघ. तिथे लोक त्यांच्या सगळ्यांत वाईट दिवशी येतात, आभार मानत नाहीत, कधी अंगावर ओरडतात. आठवड्याने तुला परत जावंसं वाटलं तर ही नोकरी तुला झेपेल. नाही वाटलं तरी काही बिघडलं नाही. अन्यायाची चीड असलेल्या माणसाला न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, सायबर तपास आहे, सरकारी वकिली आहे, बालसंरक्षणाचं काम आहे. वर्दीशिवायही त्या बाकाच्या बाजूने उभं राहता येतं.

आता मुलाखत. 'समाजसेवा' म्हणून मोकळी होऊ नकोस. समोर बसलेल्यांनी ते सकाळपासून कितीतरी वेळा ऐकलेलं असेल आणि पुढचा प्रश्न विचारताच तुझी पंचाईत होईल. खोटं तर मुळीच सांगू नकोस. या पेशात तुझ्या शब्दावर न्यायालय विसंबून असतं, त्याची सवय पहिल्या दिवसापासून लागू दे. खरं ते तीन-चार वाक्यांत सांग. जवळपास असं: "चौदाव्या वर्षी मी वडिलांबरोबर तक्रार द्यायला गेले होते. आमचं कोणी ऐकून घेतलं नाही. तेव्हा राग आला होता. आता मला वाटतं, माझ्यासमोर येणाऱ्या माणसाला तसं वाटू नये, हे माझ्या हातात असेल." त्या माणसाबद्दल एकही वाईट शब्द काढू नकोस. सांगताना आवाज भरून आला तर येऊ दे, पण तिथे थांबू नकोस. लगेच सांग की हे काम समजून घेण्यासाठी तू काय केलंस: सुनावणी ऐकलीस, अपघात विभागात रात्री काढल्यास.

ते उलटून विचारतील, "उद्या तसाच माणूस तुमचा सहकारी निघाला तर?" विचारायलाच हवं, मीही विचारलं असतं. तुझं उत्तर तू शोध. माझं हवं असेल तर सांगते: आधी बाकावरच्या माणसाला मी बोलावून घेईन आणि त्याचं ऐकेन, मग सहकाऱ्याशी बाजूला बोलेन, आणि पुन्हा तसंच घडलं तर वरिष्ठांना लेखी कळवेन. क्रम हाच. आधी बाक.

मैत्रिणीवर रागावू नकोस. तिने तुला जे म्हटलं ते काळजीने म्हटलं, आणि काही अंशी खरंही म्हटलं.

आणि शेवटची एक गोष्ट, जी तू पत्राच्या अगदी टोकाला, जाता जाता लिहिलीस. बाबांशी तू याबद्दल कधीच बोलली नाहीस. सात वर्षं तू त्यांच्या आवाजासाठी तयारी करते आहेस आणि त्या दिवसाबद्दल त्यांच्या मनात काय आहे, हे तुला माहीत नाही. कदाचित त्यांना तो माणूस आठवतही नसेल. कदाचित त्यांना एवढंच आठवत असेल की आपल्या मुलीला आपण तिथे दोन तास ताटकळत बसवलं, आणि तिने आपल्याला तसं पाहिलं. मुलाखतीच्या आधी एक संध्याकाळ काढ, त्यांच्याशेजारी बस आणि विचार, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं?" मधे बोलू नकोस. ते जे सांगतील ते शेवटपर्यंत ऐकून घे, आणि जमलं तर मला कळव.

— तुझी ताई